झाकलेली कणगी

१६७५ सालच्या एप्रिल महिन्यात शिवाजी महाराजांनी फोंड्याच्या किल्ल्याला वेढा घातला. किल्ला आदिलशाहीचा होता आणि किल्लेदार होता महंमद खान. या वेढ्यातली एक छोटी हकिगत इतिहासाच्या पुस्तकांत एखाद-दुसऱ्या वाक्यात आटोपलेली असते. फोंडा पडले तर उद्या गोव्यावर पाळी येणार, ही भीती पोर्तुगीजांना होती. म्हणून त्यांनी उघडपणे तटस्थ राहून आतून दहा होड्या भरून धान्य आणि काही माणसे किल्ल्याच्या मदतीला धाडली. ही रसद किल्ल्यात पोचलीच नाही. महाराजांच्या माणसांनी ती वाटेतच पकडली. प्रकरण अंगाशी येताच विजरईने कानांवर हात ठेवले आणि हे आपले काम नव्हे असे सांगून टाकले. मे महिन्यात किल्ला महाराजांच्या हाती आला.

या वेढ्याविषयी बोलताना आपण महाराजांच्या पराक्रमाविषयी बोलतो, आणि ते योग्यच आहे. पण मला या दहा होड्यांचे कुतूहल वाटत आले आहे. सत्ता हाताशी होती, नद्या घरच्या होत्या, पैसा होता. तरी दहा होड्या धान्य लपवून नेता आले नाही. का आले नाही?

नीट विचार केला तर उत्तर सोपे आहे. दहा होड्या भरायच्या तर कोठार उघडावे लागते. पोती वाहायला हमाल लागतात, होड्या वल्हवायला खारवी लागतात. या सगळ्यांना घरे असतात, बायकामुले असतात, तोंडे असतात. भरलेली होडी पाण्यात किती बसली आहे हे किनाऱ्यावरच्या माणसाला कोणी सांगावे लागत नाही. शांततेच्या दिवसांत अशा होड्या रोज जातात आणि कोणी मान वर करून पाहत नाही. पण वेढा पडला, अन्नाची वाट बंद झाली, की त्याच नदीवरची प्रत्येक होडी सगळ्यांच्या डोळ्यांत भरते. साठा तोच, नदी तीच. बदललेले असतात ते पाहणाऱ्यांचे डोळे.

वेढा असो, दुष्काळ असो, पूर असो की साथ असो, मोठे संकट आले की अडचणीसाठी ठेवलेला साठा लपवणे हे तो जमवण्यापेक्षा कठीण होऊन बसते. आपल्या पूर्वजांना हे चांगले माहीत होते. आपल्या म्हणींत आणि घरांच्या रचनेत त्याच्या खुणा आहेत. आज आपण ते विसरत चाललो आहोत, म्हणून हा लेखनप्रपंच.

घाटावरच्या लोकांकडे धान्य लपवण्याचे एक साधन होते, जे आपल्याकडे नव्हते. ते म्हणजे पेव. सोलापूर, सांगली, विजापूर या बाजूला कोरड्या, कठीण मुरमाच्या जमिनीत माणूस उतरू शकेल एवढ्या तोंडाचा आणि पोटात रुंद असा खड्डा खणत. आतून कडबा, गवत लावायचे, ज्वारी भरायची, वर दगड ठेवून माती लिंपायची. अशा पेवात ज्वारी कित्येक वर्षे टिकत असे. वरून पाहणाऱ्याला फक्त अंगण दिसायचे. पेवाला दार नसते आणि कुलूपही नसते. स्वारीवर येणाऱ्या फौजेपासून आणि करवसुली करणाऱ्या कामगारापासून धान्य वाचवण्याची याहून चांगली सोय त्या काळी दुसरी नव्हती.

पण पेवसुद्धा पूर्णपणे लपत नाही. खणून काढलेली माती कुठेतरी टाकावी लागते. खणणारे गडी गावातलेच असतात. पोकळ जमिनीवरून चालताना पावलांचा आवाज बदलतो. जमिनीवर पाणी ओतायचे आणि ते कुठे लवकर मुरते ते पाहायचे, ही युक्ती लुटीच्या हकिगतींत वाचायला मिळते. शिवाय पेव उघडण्याचे काम चोरून करण्यासारखे नाही. आत कोंडलेली हवा विषारी होते, त्यामुळे झाकण काढून बराच वेळ वाट पाहावी लागते. मग कंदील सोडून पाहायचे. तो विझला तर आत उतरायचे नाही. ही सावधगिरी न बाळगल्यामुळे पेवात माणसे दगावली आहेत. आणि इतके करून धान्य बाहेर आले की त्याचा वास येतो. पेवातल्या ज्वारीला एक कुबट, आंबूस वास असतो आणि तो भाकरीतही उतरतो. ज्याच्या घरी ती भाकरी भाजली त्याने पेव उघडले, हे अर्ध्या गावाला नाकाने कळते.

मराठीत ‘पेव फुटणे’ असा वाक्प्रचार आहे. एखादी गोष्ट एकदम उदंड झाली, जिकडेतिकडे दिसू लागली की आपण तो वापरतो. झाकून ठेवलेला साठा उघडा पडला की तो थोडा थोडा उघडा पडत नाही, हा अनुभव या शब्दांत साठवलेला आहे. सांगलीजवळच्या हरिपूरला हळदीची पेवे प्रसिद्ध होती. २००५ च्या महापुरात कृष्णेचे पाणी त्यांत शिरले आणि त्यांतली बहुतेक निकामी झाली. जमिनीखालच्या साठ्याला माणसांपेक्षाही पाण्याचे भय अधिक असते, हे त्या पुराने दाखवून दिले.

हेच भय आपल्याकडे दरवर्षीचे. गोव्यात वर्षाला साधारण तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. जांभ्या दगडाची जमीन पाणी शोषून घेते, आणि आषाढ-श्रावणात विहिरी काठोकाठ भरतात. अशा भूमीत पेव खणले तर आठ दिवसांत भाताला मोड येतील. म्हणून पेडण्यापासून काणकोणापर्यंत आपले धान्य नेहमी जमिनीच्या वर राहिले. बांबूची विणलेली, शेणाने सारवलेली कणगी, गवतात घट्ट बांधलेली मुडी, लाकडी कोठार, चुलीवरचा माळा या आपल्या साठवणीच्या जागा. जमिनीत पुरायचे ते फार तर फणसाची बिकणां, मातीत घोळून ठेवलेली. कणगी ही घरात शिरताच दिसणारी वस्तू आहे. माणसाच्या उंचीची असते, खोलीचा कोपरा अडवून बसते. ती किती भरलेली आहे हे दारातून कळते.

आणि कणगी झाकली तरी पुढचे काय झाकणार? भात म्हणजे तांदूळ नव्हे. ते खायचे तर आधी उकडायला हवे. मोठ्या भांड्यात भात उकडत घातले की त्याचा वास वाड्याच्या टोकापर्यंत जातो. उकडलेले भात वाळवायला अंगण लागते, ऊन लागते. त्यावर कावळे-चिमण्या येतात, त्यांना हाकलायला एखादे मूल बसवावे लागते. मग घिरटावर भरडायचे किंवा वाहिनात मुसळाने कांडायचे. मुसळाचा आवाज पहाटेच्या शांततेत दोन वाड्यांपलीकडे पोचतो. मग चूल. पावसाळ्यात ओल्या लाकडांचा धूर कौलांतून वर येतो आणि कोणाची चूल पेटली, कोणाची नाही, हे समोरच्या डोंगरावरून मोजता येते. कोंबडे झाकले म्हणून तांबडे फुटायचे राहत नाही, असे आपण म्हणतो. कणगीचेही तसेच आहे. ज्या घरातून सकाळी दहा वाजता पेजेचा वास येतो, त्या घरात धान्य आहे. इतर घरांत चूल थंड असेल तर हा वास दवंडीसारखा ऐकू जातो.

सगळ्यांत शेवटी माणसाचा चेहरा. संकटाच्या दिवसांत सगळ्यांची गालफडे बसलेली असताना एका घरातली मुले तशीच तुकतुकीत राहिली, तर दुसरा पुरावा लागत नाही. लपवलेले धान्य अंगावर दिसते. ते दिसू नये असे वाटत असेल तर ते खाता येणार नाही, आणि खायचे नसेल तर ते ठेवले कशाला?

आपल्या अंत्रुज महालाच्या इतिहासात लपवून आणण्याची फार मोठी गोष्ट घडलेली आहे. १५६० च्या सुमारास, तिसवाडी आणि साष्टीतली देवळे पाडली जाण्याच्या काळात, कुठ्ठाळीचा मंगेश, केळशीची शांतादुर्गा, वेर्ण्याची म्हाळसा ही दैवते भक्तांनी नदी पार करून इकडे आणली. जिवावर उदार होऊन केलेले ते काम होते आणि ते साधले. मूर्ती डोक्यावर घेता येते, रात्रीच्या काळोखात होडीत बसवता येते, रानात झाडाखाली ठेवता येते. पण देवाची शेते, त्यांवर पिकणारे भात, त्या भातावर चालणारी नित्याची नैवेद्याची व्यवस्था मागेच राहिली. अन्न ही वस्तू आकाराने मोठी, वजनाने जड आणि नाशवंत आहे. तिला माणसांची सोबत लागते. म्हणून ती एकट्याने लपवता येत नाही.

संतचरित्रांत या विषयाची सर्वांत मोठी कथा दामाजीपंतांची. महिपतीच्या ‘भक्तविजया’मुळे ती घरोघरी पोचली. मंगळवेढ्याला बेदरच्या बहामनी सुलतानाचे कोठार होते आणि ते दामाजीपंतांच्या ताब्यात होते. दुष्काळ पडला आणि दामाजींनी ते कोठार लोकांसाठी खुले केले. पुढे विठोबाने विठू महाराच्या रूपाने बेदरला जाऊन त्याचे पैसे चुकते केले. एवढे सर्वांना ठाऊक असते. पण कथेत त्याआधीचा एक प्रसंग आहे, तो फारसा सांगितला जात नाही. पंढरपूरचा एक ब्राह्मण मंगळवेढ्याला येतो. भुकेल्या घरच्यांची आठवण होऊन जेवताना त्याचे डोळे भरून येतात. दामाजी त्याला धान्य देतात. ते घेऊन तो पंढरपुरात शिरतो आणि भुकेलेले लोक ते वाटेतच लुटून नेतात. मग तो म्हणतो, माझ्या धान्यावर कशाला तुटून पडता, मंगळवेढ्याला जा, तिथे कोठारे भरलेली आहेत.

चमत्कार बाजूला ठेवला तरी या प्रसंगात दुष्काळाचे शहाणपण आहे. एका घरापुरते दिलेले धान्य त्या घरापर्यंत पोचले नाही. भुकेल्या गावातून भरलेले पोते न्यायचे म्हणजे ते सर्वांसमोर मांडण्यासारखेच आहे. दामाजींसमोर दोनच वाटा उरल्या होत्या. कोठारावर पहारा वाढवून ते राखायचे, किंवा सर्वांना द्यायचे. थोडेसे, गुपचूप, ओळखीच्यांना द्यायचे, ही तिसरी वाट त्या ब्राह्मणाच्या फाटलेल्या पोत्यानेच बंद करून टाकली होती.

आपल्याकडे या प्रश्नावर एक वेगळेच उत्तर पिढ्यान्‌पिढ्या चालत आले. त्याचे नाव पुरुमेंत. ‘प्रोव्हिमेंतु’ या पोर्तुगीज शब्दावरून ते आले, पण रीत शब्दापेक्षा जुनी आहे. चौमासाची बेगमी कोकणात प्रत्येक घर करत असे. मृग लागला की नद्यांना पाणी येणार, तरी बंद होणार, होड्या किनाऱ्याला लागणार, समुद्रावरची मासेमारी थांबणार. चार महिने बाजार असून नसल्यासारखा. तेव्हा वैशाखातच उकडे तांदूळ, मीठ, मिरच्या, कांद्याच्या माळा, चिंच, सोले, सुके बांगडे, सुंगटे, खारे, आंब्याची साटे, फणसाचे पापड, जळाऊ लाकडे, शेणाच्या गोवऱ्या असे सगळे घरात येऊन पडे. म्हापशाच्या मिलाग्रीस सायबिणीच्या फेस्ताला आणि मडगावच्या होली स्पिरिट चर्चच्या फेस्ताला पुरुमेंताचा बाजार भरतो. तिथे खरेदीला हिंदू-ख्रिस्ती दोघेही जातात. मडगावच्या फेस्ताला तर लोक ‘पुरुमेंताचें फेस्त’ असेच म्हणतात.

पुरुमेंत हा संकटासाठीचा साठाच होता. पण तो लपवण्याची कल्पना कोणाच्या मनात येत नसे, आणि ते शक्यही नव्हते. मिरच्या अंगणात वाळत. सोले खळ्यावर वाळत. साटे सुपात घालून कौलांवर ठेवली जात. मासळी वाळत घातली की काही सांगायलाच नको. शेजारणीने किती पायल्या तांदूळ भरले, कोणाची मिरची या वर्षी कमी आहे, कोणाच्या घरात लाकडे भिजली, हे सगळ्या वाड्याला माहीत असे. म्हणूनच श्रावणात एखादीकडचे मीठ संपले तर ती कोणाकडे मागायला जायचे हे ओळखून असे, आणि देणारीला पुढच्या पावसाळ्यात ते परत कुठून येणार हे ठाऊक असे. इथे साठ्याचे रक्षण गुप्ततेने होत नव्हते. प्रत्येकाकडे थोडे थोडे असल्यामुळे आणि प्रत्येकाचे सर्वांना माहीत असल्यामुळे होत होते. ज्या गावात दहा कणग्या अर्ध्या भरलेल्या आहेत, तिथे कोणाची कणगी लुटली जात नाही. जिथे एकच काठोकाठ भरलेली आणि नऊ रिकाम्या आहेत, तिथे त्या एकीवर कितीही गोणपाटे टाका, ती दिसणारच.

अर्थात जुन्या काळाचे गोडवे गाण्याचा माझा हेतू नाही. कुळाच्या कणगीत किती राहणार हे भाटकाराच्या हिश्शावर ठरत होते आणि सर्वांची पुरुमेंते सारखी नव्हती. श्रावणात दोन वेळची पेज निभावणे कठीण जाणारी घरे प्रत्येक गावात होती. पण त्या घरांना भूक आहे हेही गावापासून लपत नव्हते. साठा दिसतो तशी टंचाईही दिसते. दोन्ही दिसत असल्या की निदान लाज वाटायला जागा राहते.

मग साठे लपतच नाहीत काय? लपतात. पण मातीखाली नव्हे. ते कसे लपतात हे गेल्या शतकाने दाखवले.

गोव्यात पिकणारे भात गोव्याला वर्षभर पुरत नसे. उरलेला तांदूळ बाहेरून यायचा, त्यात ब्रह्मदेशाचा तांदूळ मोठा. मार्च १९४२ मध्ये जपान्यांनी रंगून घेतले आणि ती वाट बंद झाली. गोवा, कोकण, मलबार, बंगाल, सगळ्या भात खाणाऱ्या किनाऱ्याला त्याची झळ लागली. १९४३ मध्ये मुंबईत रेशनिंग आले, तेव्हा तिथल्या गोवेकरांनाही शिधापत्रिका घेऊन रांगेत उभे राहावे लागले. सर्वांत भयंकर अवस्था झाली ती बंगालची. सरकारच्या दुष्काळ चौकशी आयोगाने मृतांचा अंदाज १५ लाख दिला. पुढच्या अभ्यासकांचे अंदाज ३० लाखांपर्यंत जातात.

तिथल्या सरकारने जून १९४३ मध्ये दडवलेले धान्य शोधण्याची मोठी मोहीम काढली. गावोगाव पथके गेली, घरे तपासली गेली. अपेक्षा होती तसे मोठे साठे खेड्यांत सापडले नाहीत. सापडली ती शेतकऱ्याची कणगी, जी लपणारी नव्हतीच. आणि गंमत अशी, जिला गंमत म्हणायलाही जीभ रेटत नाही, की या पहिल्या मोहिमेतून कलकत्ता आणि हावडा ही शहरे वगळली होती. म्हणजे जिथे मोठ्या व्यापाऱ्यांची गोदामे होती तीच जागा. शेतकऱ्याच्या घरात शिरताच धान्य दिसते. गोदामातले धान्य दिसत नाही, कारण तिथे ते कागदाने झाकलेले असते. माल कोणाच्या नावावर आहे, कोणत्या खात्यासाठी राखीव आहे, कोणत्या कंत्राटात अडकलेला आहे, या प्रश्नांची गोणपाटे त्यावर पसरलेली असतात. मुसळाचा आवाज नाही, चुलीचा धूर नाही. कारण तो साठा कोणी खातच नसते.

न खाल्लेला साठाच तेवढा लपतो. हे एकदा लक्षात आले की अलीकडच्या बातम्यांचा अर्थ वेगळा लागतो. पोर्तो रिको या बेटावर सप्टेंबर २०१७ मध्ये ‘मारिया’ वादळाने हाहाकार केला. पुढे जानेवारी २०२० मध्ये तिथल्या दक्षिण भागात भूकंप झाला आणि लोक उघड्यावर आले. त्याच महिन्यात पॉन्से शहरातल्या एका गोदामात पाण्याच्या बाटल्या, खाटा आणि मदतीचे इतर सामान भरून पडलेले असल्याचे मोबाईलवरच्या थेट चित्रणातून लोकांना दिसले. त्यातले बरेचसे वादळाच्या वेळेपासूनचे होते. संतापलेले लोक गोदामात घुसले आणि आपत्ती व्यवस्थापनाच्या प्रमुखाला पद सोडावे लागले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये नायजेरियात महामारीच्या मदतीसाठी आलेल्या धान्याची गोदामे लोकांनी अशीच शोधून काढली आणि रिकामी केली.

हे सगळे दूरचे वाटत असेल तर आपल्या अंगणातली गोष्ट पाहू. २०२० च्या टाळेबंदीच्या काळात गोवा सरकारच्या नागरी पुरवठा खात्याने लोकांसाठी सुमारे ४०० टन तूरडाळ घेतली. त्यातली सुमारे २४२ टन डाळ गोदामांत पडून नासली, हे ऑगस्ट २०२२ मध्ये उघड झाले. सोबत सुमारे १० टन साखरही खराब झाली होती. २४२ टन म्हणजे घरटी एक किलो धरली तर २ लाख ४२ हजार घरांची डाळ. २०११ च्या जनगणनेत गोव्याची लोकसंख्या साडेचौदा लाखांच्या आसपास होती. म्हणजे राज्यातल्या बहुतेक घरांत एक-एक किलो पोचली असती.

ही डाळ कोणी मुद्दाम लपवली असे मी म्हणत नाही. पण परिणाम लपवल्यासारखाच झाला. आठवून पाहा, मार्च २०२० मध्ये टाळेबंदीचे पहिले काही दिवस गोव्यात किराणा दुकानेसुद्धा बंद होती. ती उघडल्यावर फोंड्यापासून पेडण्यापर्यंत माणसे अंतर राखून तासन्‌तास रांगेत उभी होती. त्या दिवसांत कोणाच्या डब्यात डाळ आहे हे शेजाऱ्याला कळत होते, कारण कुकरच्या शिट्ट्या ऐकू येत होत्या. शेकडो टन डाळीला मात्र शिट्टी नव्हती. घरातल्या दोन किलो डाळीचा पत्ता लागतो आणि गोदामातल्या दोनशे टनांचा दोन वर्षे लागत नाही, ही आपल्या काळाची रीत आहे. पूर्वी नासलेल्या धान्याचा वास तरी गावभर जायचा. आता गोदामे गावापासून लांब असतात.

जुन्या राज्यकर्त्यांना या धोक्याची जाण होती. रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’त गडावरच्या धान्याला आग, उंदीर, मुंग्या, वाळवी यांपासून जपण्याविषयी बारकाईने सांगितलेले आहे. साठा केला म्हणजे काम संपले असे ते मानत नाहीत. तो रोज पाहायला हवा, जुना काढून नवा भरायला हवा. पुरुमेंतातही हेच होते. चतुर्थीनंतर ऊन पडले की उरलेले सगळे पुन्हा अंगणात काढून वाळवायचे, कीड लागलेले निवडायचे. तेव्हाही शेजाऱ्यांना ते दिसत असे.

२३ जुलै २०२१ च्या पुरात खांडेपार आणि गांजे भागात, डिचोलीतल्या साळ गावात, पेडण्याच्या इब्रामपूर, हसापूर, चांदेल भागात घरांत पाणी शिरले. अशा पुरात पहिल्यांदा भिजतो तो तांदूळ. त्यानंतरच्या दिवसांत मदत कुठे आहे, किती आहे, कोणाला मिळणार, हे प्रश्न जीवनमरणाचे होतात. हवामानाचे सध्याचे रंग पाहता असे जुलै पुन्हा येणार. आणि आता आपल्या घरांत पुरुमेंत नाही. आठवड्याचा किराणा आणतो आणि आठवड्यात संपवतो. संकटासाठीचा साठा करायचे काम आपण सरकारवर सोपवले आहे. तसे करायला हरकत नाही. पण मग सरकारी साठा हीच गावाची कणगी, आणि कणगी दारातून दिसायला हवी.

त्यासाठी फार मोठे काही करावे लागत नाही. रेशन दुकानात साठ्याचा फलक लावण्याचा नियम आहेच. अन्न सुरक्षा कायदा २०१३ चा आहे आणि त्यात नोंदी जनतेला पाहता याव्यात अशी तरतूद आहे. तो फलक रोज भरला जातो का, हे दुकानात गेल्यावर मान वर करून पाहावे. न भरलेला दिसला तर विचारावे. तालुक्याच्या गोदामात संकटासाठी काय ठेवले आहे, ते कधी आणले, कधी बदलणार, हे पंचायतीच्या फलकावर लागावे आणि ग्रामसभेत दरवर्षी वैशाखात वाचून दाखवावे. चोर येतील, लुटालूट होईल, म्हणून गुप्त ठेवतो, असे कोणी म्हणेल. त्याला फोंड्याच्या त्या दहा होड्यांची आठवण द्यावी. विजरईला जे लपवता आले नाही ते तालुक्याच्या गोदामालाही लपवता येणार नाही. फार तर ते नासेपर्यंत झाकून राहील.

आणि जमले तर घरीही थोडे पुरुमेंत करावे. चार पायल्या तांदूळ, मीठ, सोले, डाळ. ते झाकून ठेवण्याच्या फंदात मात्र पडू नये. झाकली मूठ सव्वा लाखाची असते हे खरे, पण ती म्हण पैशाला आणि अब्रूला लागू. तांदळाची मूठ उघडीच बरी. शेजाऱ्यालाही थोडे भरून ठेवायला सांगावे. त्याच्या कणगीत असले की आपलीही टिकते.